ताप उतरला, तरी खाते मिटलेले नसते
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षाचा जमाखर्च आपणांपुढे मांडला गेला आहेच. आज आम्हांस आमच्याच एका चुकीच्या नोंदीविषयी बोलावयाचे आहे. हिवतापाचा रुग्ण तिसऱ्या दिवशी ताप उतरून घरी निघाला, की त्याच्या कागदावर ‘बरा झाला’ असा शेरा आम्ही वर्षानुवर्षे लिहीत आलो. त्यांतील काही जण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कुडकुडत नोंदणीच्या खिडकीशी येत. आम्ही वाणिज्य शाखेचे. म्हणून कारण डॉक्टरांनाच विचारले.

डासाने सोडलेले हिवतापाचे परजीवी रक्तात वाढण्यापूर्वी यकृतात वाढतात, हे शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी १९४८ साली दाखवून दिले. व्हायव्हॅक्स जातीचे काही परजीवी तेथेच निद्रिस्त राहतात आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी जागे होऊन रक्तात उतरतात. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जेथे हिवतापाचा उपद्रव मोठा आहे, एकाच देहात परजीवींचे निरनिराळे वाण, कधी व्हायव्हॅक्स व फॅल्सिपेरम या दोन्ही जाती, एकाच वेळी आढळू शकतात.

औषध या सर्वांवर सारखे चालत नाही. क्लोरोक्वीनने रक्तातील व्हायव्हॅक्स मरतो, यकृतात निजलेला मरत नाही. दोन्ही जाती असल्यास आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त औषध रक्त स्वच्छ करते. परंतु यकृतातील साठा तसाच राहतो. जनुकीय तपासणीत असेही दिसले आहे, की उलटून आलेल्या तापातील वाण पुष्कळदा पहिल्या तापातील वाणाहून वेगळा असतो. म्हणजे आपण एकास हुसकावले, तोवर दुसरा आत दडूनच होता.

रक्तातील मिश्र वाणांचीही अशीच कथा आहे. औषधाला बळी पडणारे वाण मरतात आणि त्याला दाद न देणाऱ्यास मोकळे रान मिळते. क्लोरोक्वीनला न जुमानणारा फॅल्सिपेरम आपल्या देशात प्रथम आसामात १९७३ साली नोंदला गेला. पुढे २०१० मध्ये फॅल्सिपेरमसाठी देशभर संयुक्त औषध स्वीकारावे लागले.

यकृतातील निद्रिस्त परजीवींसाठी प्रायमाक्वीन ही गोळी आहे. नेहमीच्या पद्धतीनुसार ती चौदा दिवस घ्यावी लागते. खरी अडचण येथेच आहे. तिसऱ्या दिवशी अंगात बळ आले, की रोजंदारीवरचा माणूस कामावर जातो आणि उरलेल्या गोळ्या फळीवर पडून राहतात. त्यास आम्ही दोष कसा द्यावा? ‘बरा झाला’ असे त्याला आम्हीच लिहून दिले होते!

आता शेरा बदलला आहे. कागदावर ‘ताप उतरला, उपचार चालू’ असे लिहिले जाते आणि चौदाव्या दिवसाची तारीख ठळकपणे घातली जाते. सातव्या व चौदाव्या दिवशी आमच्या परिचारिका घरी दूरध्वनी करतात. जी-६-पी-डी या विकराची कमतरता असलेल्यांच्या रक्तपेशी या गोळीने फुटू शकतात; म्हणून आधी ती तपासणी होते. गर्भवती मातांना ही गोळी दिली जात नाही. त्यांची व्यवस्था डॉक्टर वेगळी करतात.

देणगीदारांस आमची विनंती आहे. या गोळ्यांचा खर्च किरकोळ आहे. तपासणी आणि पाठपुरावा यांस मात्र पैसा लागतो. त्याची कोनशिला बसत नाही, की त्यावर कोणाचे नाव कोरता येत नाही. तथापि एका कुटुंबाची बुडणारी मजुरी आणि पुन्हा दाखल होण्याचा खर्च यांपुढे ही रक्कम अल्पच आहे. रुग्णांच्या नातेवाइकांस एवढेच सांगणे, की चौदावी गोळी पोटात जाईपर्यंत आपला माणूस आमचाच रुग्ण आहे, असे समजावे.