परगावचे शास्त्राध्ययन आणि रविवारचे दोन तास
(वार्षिक संमेलनातील गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी आम्ही उच्च शिक्षणाचे महत्त्व सांगावे अशी कार्यवाहांची अपेक्षा असणार. परंतु ते आपल्या ज्ञातीला आता कोणी सांगावयास नको. दिवसभर मशीनवर बसून ज्याने मुलाला पदवीधर केले असा बाप या सभागृहाच्या प्रत्येक रांगेत बसलेला आहे. तेव्हा आम्ही निराळ्या गोष्टीविषयी बोलणार आहो. विज्ञानाचा पुढचा अभ्यास करण्यासाठी परक्या शहरी गेलेल्या आपल्या मुलामुलींचे दिवस तेथे कसे जातात, आणि त्या दिवसांत दुसऱ्यांसाठी काही करण्याची हौस बाळगली तर ती कोठवर बाळगावी, हा आमचा विषय. त्यात आमची एक चूकही येईल. ती झाकून ठेवली तर या बोलण्याला काही अर्थ उरणार नाही.

दूरदेशी जाणे आपल्याला नवे नाही. नामदेवमहाराज पंढरीहून पंजाबात गेले, घुमानला राहिले, आणि त्यांची ६१ पदे आज शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली त्याच घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. महाराजांना खोलीची अनामत मात्र भरावी लागली नसावी!

आम्ही २०१६ च्या पावसाळ्यात मिरजेहून राणी चन्नम्मा गाडीत बसलो आणि सकाळी बंगळूरला उतरलो. तेथील एका संशोधनसंस्थेत पीएच.डी.साठी प्रवेश मिळाला होता. त्या वेळी कनिष्ठ संशोधकाचे विद्यावेतन दरमहा २५,००० रुपये होते. पुढे २०१९ मध्ये ते ३१,००० आणि २०२३ मध्ये ३७,००० झाले. गावी ही रक्कम ऐकून मंडळींना वाटले, पोरगे कमावते झाले. प्रत्यक्षात विद्यावेतनाचा पहिला हप्ता आमच्या हाती पाचव्या महिन्यात पडला. वसतिगृहात जागा नव्हती, आणि बाहेर खोली घ्यावी तर कित्येक महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत आधी मोजावी लागे. वडिलांनी ओव्हरलॉकच्या मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे पाठविले. ते मशीन दुकानात तीन वर्षे उशिरा आले, हे आम्हाला नंतर कळले. आपल्याच ज्ञातीतील एका कुटुंबाने, जुनी ओळख नसताना, गादी आणि कुकर दिला. तो कुकर अजून परत केलेला नाही, हेही येथे कबूल करून टाकतो.

पीएच.डी. म्हणजे काय, हे घरी समजावून सांगणे फार कठीण जाते. पहिल्या वर्षी वर्ग असतात, मग एक सर्वंकष परीक्षा. तिच्यानंतर वेळापत्रक असे काही उरतच नाही. पाच वर्षे, कधी सहा वर्षे, आपण आणि आपला प्रश्न. आमचा प्रश्न स्नायूंचा होता. उंदराच्या स्नायूंपासून वाढविलेल्या पेशी काचेसारख्या पारदर्शक बशीत, ३७ अंश उष्णतेच्या कपाटात ठेवावयाच्या. दर दोन-तीन दिवसांनी त्यांचे अन्नद्रव्य बदलावयाचे. बशीत दाटी होण्यापूर्वी त्या विरळ करून नव्या बशांत घालावयाच्या. वेळ चुकली आणि दाटी झाली, की या पेशी एकमेकींत मिसळून तंतू बनू लागतात; मग त्यांची वाढ थांबते आणि पुढच्या प्रयोगासाठी त्या निरुपयोगी होतात. पेशींना रविवार कळत नाही, दिवाळीही कळत नाही.

आता दुसरी बाजू. संस्थेच्या मागे एक उंच इमारत उभी राहत होती. मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या तेथेच होत्या. कोणी कलबुर्गीकडचे, कोणी रायचूरचे, काही थेट बिहारातून आलेले. त्यांची मुले वाळूच्या ढिगावर खेळत. आम्ही काही विद्यार्थ्यांनी रविवारी दहा ते बारा त्यांना शिकवावयाचे ठरविले. उदात्त हेतू वगैरे होता, पण खरे सांगावयाचे तर एकटेपणाही होता. त्या शहरात आमच्याशी प्रयोगाव्यतिरिक्त कशाविषयीही बोलणारे तेवढेच लोक होते. आम्ही त्यांना अंकगणित शिकविले, त्यांनी आम्हाला कन्नड शिकविले. 'ऊट आयता?', म्हणजे जेवण झाले का, हा प्रश्न बंगळुरात आम्हाला प्रथम एका आठ वर्षांच्या मुलीने विचारला.

गावाहून येताना दुकानातून बटणे, दोऱ्याची रिळे आणि एक टेप आम्ही सहज पिशवीत टाकली होती. त्यांचा तेथे असा उपयोग होईल असे वाटले नव्हते. टेपने शंभर सेंटीमीटर दोरा मोजून त्याला बटण बांधावे आणि खिळ्याला टांगून हलके ढकलावे. जाऊन-येऊन एका हेलकाव्याला दोन सेकंद लागतात. बटणाऐवजी जड नट बांधला तरी दोनच. मुलांचा यावर विश्वास बसेना. त्यांनी चावी बांधली, दगड बांधला. मग दोरा पंचवीस सेंटीमीटर केला. आता अर्धा सेकंद लागेल असे सर्वांचे मत पडले. लागला एक सेकंद. लांबी चौथाई झाली तरी वेळ निम्माच होतो, हे त्यांनी स्वतः मोजून पाहिले. टेप धरण्याचा मान त्या आठ वर्षांच्या मुलीने स्वतःकडे घेतला, तो कोणाला सोडला नाही.

पाहता पाहता दोन तासांचे चार झाले. शनिवारी साहित्याची जमवाजमव, कोणाचे आधारकार्ड, कोणाचा शाळेतील प्रवेश, कोणाला दवाखाना. कोणत्याही कामाला आम्ही 'नाही' म्हटले नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत मुलांचे छोटे प्रदर्शन ठरले, आणि त्या शनिवारी-रविवारी आम्ही प्रयोगशाळेकडे फिरकलो नाही. सोमवारी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तो सर्व बशांत दाटी होऊन तंतू बनू लागलेले. तीन आठवड्यांची मेहनत गेली. मार्गदर्शक रागावले नाहीत. इतकेच म्हणाले, "दोन्हींपैकी कोणते काम अर्धवट करावयाचे ते ठरवा."

आम्ही ठरविले, आणि चूक केली. ती बशांची नव्हे. बशा पुन्हा लावता येतात. चूक ही, की आम्ही रविवारचे जाणे एकाएकी बंद केले आणि मुलांना तसे सांगितलेही नाही. संकोच वाटला. पुढच्या महिन्यात जाऊ, प्रयोग लागला की जाऊ, असे करता करता चार महिने लोटले. जूनमध्ये गेलो तेव्हा इमारत पुरी झाली होती. पत्र्याच्या खोल्या काढून नेल्या होत्या. मजूर दुसऱ्या कामावर गेले, कोठे ते पहारेकऱ्याला ठाऊक नव्हते. टेप त्या मुलीकडेच राहिली. ती कोठल्या वाळूच्या ढिगावर काय मोजीत असेल, हा विचार प्रबंध लिहितानाही आमच्या मनातून गेला नाही.

त्यानंतर दुसऱ्या वस्तीत काम सुरू केले ते माप घेऊन. चौघे मिळून, प्रत्येकाकडे महिन्याचा एक रविवार, दोन तासच, आणि पाचवा रविवार आला तर सुट्टी. ज्याची परीक्षा असेल त्याने महिनाभर आधी मुलांसमोर सांगावयाचे. आधारकार्ड आणि दवाखाना ही कामे जाणत्या संस्थांकडे सोपवावयाची. हे फार थोडे वाटेल. आम्हालाही वाटत असे. पण ते साडेतीन वर्षे चालले. मध्ये २०२० ची टाळेबंदी आली तेवढाच खंड, आणि आम्ही निघालो तेव्हा आमची जागा घेणारा नवा विद्यार्थी तयार होता.

येथे डॉ. कमला सोहोनी यांचे स्मरण होते. १९३३ साली, तेव्हाच्या कमला भागवत, बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागावयास गेल्या, तेव्हा सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत. अखेर एक वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळाला. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळविली. विज्ञानात ती पदवी मिळविणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. पुढे उतारवयात मुंबईच्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीत त्यांनी अन्नातील भेसळीविरुद्ध काम केले, लेख लिहिले, आणि १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्षा झाल्या. त्यांनी दोन्ही केले, परंतु एकाच वर्षी नव्हे. आमच्या तरुण मित्रांना हे सांगावेसे वाटते, कारण विशीतच सगळे उरकले पाहिजे अशी घाई आजकाल फार दिसते.

आता दोन शब्द घरच्या मंडळींना. आपला मुलगा किंवा मुलगी फोनवर 'काम चालले आहे' इतकेच म्हणाली, तर 'संपणार कधी?' असे लगेच विचारू नका. त्याचे उत्तर तिलाही ठाऊक नसते. जेवलीस का, एवढे विचारा. लग्नकार्याला ती एक दिवस उशिरा आली तर कपाटातील बशांची अडचण खरी असू शकते. आणि रविवारी ती कोणाच्या मुलांना शिकवीत असेल, तर तो अभ्यासातून पळण्याचा मार्ग आहे असेही समजू नका. मात्र किती तास, हे अवश्य विचारा. आम्हाला ते कोणी विचारले नाही.

आपल्या मंडळाची शिष्यवृत्ती दिवाळीनंतर मिळते. परगावी जाणाऱ्याला पैशाची खरी नड जुलै-ऑगस्टात असते. कार्यकारिणीने निदान अनामतीपुरती रक्कम बिनव्याजी उसनी द्यावी आणि विद्यावेतन सुरू झाल्यावर परत घ्यावी, अशी आमची सूचना आहे. आम्ही आमच्या वाट्याचे पैसे आजच कोषाध्यक्षांकडे दिले आहेत. यंदा आपले तीन विद्यार्थी बाहेर चालले आहेत: एक हैदराबादला, दोघी बंगळूरला. त्या शहरांत ज्यांचे नातलग असतील, एखादी रिकामी खोली, गादी, शेगडी असेल, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर दाराशी ठेवलेल्या वहीत पत्ता लिहावा. बंगळूरच्या पानावर पहिला पत्ता कुकर देणाऱ्या कुटुंबाचा आहे. त्यांची परवानगी घेऊनच आम्ही तो लिहिला आहे.