झडप दिसली, पण कळली नाही



बारावी सायन्स होऊन मुलगी नर्सिंगला लागली, की पहिल्याच सत्रात शरीररचना आणि शरीरक्रिया हे दोन विषय समोर येतात. कॉलेजात त्यांना अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीच म्हणतात, मीही तसंच म्हणेन. भारतीय परिचर्या परिषदेच्या बीएस्सी नर्सिंगच्या अभ्यासक्रमात त्यांना प्रत्येकी ६० तास दिले आहेत. तेवढ्यात २०६ हाडं, स्नायू, हृदय, मूत्रपिंडं, मज्जासंस्था, ग्रंथी असं सगळं उरकायचं. मग सुरू होते घोकंपट्टी. मनगटाची आठ हाडं एका दमात म्हणता आली, की ओरलची भीती गेली. परीक्षा संपली, की हाडंही गेली.

मी हे विषय शिकवते आणि पाठांतराला माझा विरोध नाही. रात्रपाळीला डॉक्टरांना फोनवर ‘पोटात इथंच कुठंतरी दुखतंय’ असं सांगून भागत नाही. नावं आलीच पाहिजेत. पण अवयवाचं नाव ठाऊक असणं वेगळं आणि त्याचं काम उमगणं वेगळं. हा फरक भल्याभल्यांना चकवतो.

इटलीत पादुआच्या विद्यापीठात फाब्रिसियस नावाचे नामांकित प्राध्यापक अ‍ॅनाटॉमी शिकवत. शिरांच्या आत बारीक पडद्यांच्या झडपा असतात हे त्यांनी विच्छेदनात पाहिलं, विद्यार्थ्यांना दाखवलं आणि १६०३ मध्ये त्यावर सचित्र पुस्तक छापलं. झडपा कशासाठी, तर म्हणे हातापायांकडे उतरणारं रक्त भसकन खाली जाऊन साचू नये म्हणून. शिरांमधलं रक्त यकृतापासून बाहेरच्या दिशेनं वाहतं, हा गॅलेन या प्राचीन वैद्यापासून चालत आलेला समज होता आणि तो त्यांनी सोडला नाही. झडपेचं चित्र बरोबर, काम मात्र उलटं.

त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरनं १६२८ मध्ये हे कोडं उलगडलं. त्यानं आधी साधा हिशेब मांडला. आजचे आकडे घेऊन तो करू. एका ठोक्याला हृदयातून सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळजवळ ५ लिटर आणि तासाला ३०० लिटर होतात. खाल्लेल्या अन्नातून तासाला एवढं नवं रक्त बनणार कुठून? हार्वेनं धरलेला आकडा याहून पुष्कळ लहान होता, तरी निष्कर्ष हाच निघाला, की तेच रक्त फिरून फिरून येतं.

मग त्यानं दंडाला पट्टी बांधली. करकचून आवळली तेव्हा मनगटाची नाडी लागेना आणि हात गार पडत गेला. थोडी सैल केली, तशी खोलवरची रोहिणी मोकळी झाली, पण वरवरच्या शिरा दबलेल्याच राहिल्या. रक्त येत राहिलं, परत जाईना, आणि शिरा टरारून फुगल्या. त्यांच्यावर जागोजागी गाठी दिसू लागल्या, त्याच या झडपा. बोटानं रक्त पंजाकडे रेटलं तर झडप अडवते, हृदयाकडे रेटलं तर वाट देते. गुरूंनी पाहिलेल्या झडपेचं काम शिष्याला असं सापडलं.

आमच्या मुली वॉर्डात हाच प्रयोग रोज करतात. रक्ताचा नमुना घ्यायचा म्हणून दंडाला टूर्निकेट बांधतात. जितकं घट्ट तितकी शीर चांगली दिसेल, असं पहिल्या वर्षाला हमखास वाटतं. मी म्हणते, आधी मनगटाची नाडी बघ. ती लागत नसेल तर हातात रक्तच येत नाहीये, शीर फुगेल कशानं? टूर्निकेट मिनिटभरात सोडायचं, हाही नियम पाठ असतो, कारण मात्र नसतं. रक्त अडून राहिलं, की त्यातलं पाणी केशवाहिन्यांतून बाहेर झिरपतं, प्रथिनं आणि पेशी दाट होतात आणि रिपोर्टचे आकडे बदलतात. त्यात पेशंटला मूठ सारखी उघडमीट करायला लावली, तर पोटॅशियम आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.

इंजेक्शनचंही तसंच. कमरेखाली सुई टोचायची तर कुल्ल्याचे मनात चार भाग करून वरचा बाहेरचा भागच निवडायचा, कारण शरीरातली सर्वांत जाड नस, सायटिक नर्व्ह, त्याच्या खालून जाते. तान्ह्या बाळाचे कुल्ल्याचे स्नायू अजून भरलेले नसतात, म्हणून त्याला मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचतात. ज्या मुलीला कारण माहीत आहे, तिचा हात घाईगर्दीतही चुकीच्या जागी जात नाही.

म्हणून परीक्षकांना माझं सांगणं आहे की मनगटाची हाडं जरूर विचारा, पण त्याच ओरलला टूर्निकेट पुढ्यात ठेवून ‘हे फार आवळलं तर काय होईल?’ हेही विचारा. ६० तासांत सगळं शरीर शिकवून होत नाही. प्रत्येक नावापुढे ‘याचं काम काय?’ असं विचारायची सवय मात्र तेवढ्यात नक्की लागते.

आता ज्यांच्या घरी बीपीचं यंत्र आहे त्यांच्यासाठी थोडं. मोजताना दंड हृदयाच्या पातळीला हवा. हात खाली लोंबता ठेवला तर वरच्या रक्ताचा भार मोजमापात येतो आणि दर १० सेंटिमीटरला बीपी ७-८ अंकांनी जास्त दिसतं. तेव्हा पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा, हात टेबलावर ठेवा आणि मोजताना बोलू नका. आकडा जास्त आला तर थोड्या वेळानं पुन्हा मोजा, आणि तरीही जास्तच येत राहिला तर डॉक्टरांना दाखवा.