एका इंजिनाची हकीकत
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आगगाडीविषयीची जुनी पुस्तके वाचण्याचा मला नाद आहे. अमेरिकेतील पहिल्या इंजिनांचा इतिहास विल्यम ब्राउन यांनी १८७१ साली प्रसिद्ध केला. त्या इंजिनांपैकी एकाची हकीकत सांगते.

दक्षिण कॅरोलायनात चार्ल्सटन येथे २५ डिसेंबर १८३० रोजी 'बेस्ट फ्रेंड' हे इंजिन उतारूंना घेऊन धावले. आपल्या कुकरला असते तशी जादा वाफ सोडणारी झडप त्याला होती. तिचा फूत्कार असह्य होऊन १७ जून १८३१ रोजी कृष्णवर्णीय फायरमनने ती दाबून बंद केली, असे सांगतात. बॉयलर फुटला, तो बिचारा प्राणास मुकला. पुढे कंपनीने इंजिन आणि उतारूंचे डबे यांच्यामध्ये कापसाच्या गासड्यांचा डबा जोडला. मोडलेल्या इंजिनाचे भाग घेऊन नवे बांधले, त्याचे नाव 'फिनिक्स'.

इंजिनाची दोन्ही नावे पुस्तकांत राहिली. त्याच्या पोटात सरपण घालणाऱ्याचे मात्र कोणी लिहून ठेवले नाही. उरला तो त्याच्यावरचा ठपका.

भगिनींनो, आपल्या मंडळाचाही इतिहास लिहिला जाईल. त्यात देणगीदारांच्या शेजारी सतरंज्या अंथरणाऱ्या बाईंचेही नाव असावे, एवढेच माझे मागणे.