सहावं अक्षर की सातवं?

(अमरावतीत तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



कृत्रिम बुद्धिमत्ता आणि प्रोटीन, असा विषय मला दिला आहे. निमंत्रण आलं तेव्हा अम्मीला फोन केला. ती म्हणाली, "समझेगा ऐसा बोल, नै तो दाल-अंडे पेच बोल. वो भी प्रोटीनच है ना!" आज तिच्या अटीवर बोलते. कुठे समजलं नाही तर हात वर करा.

मी अकोल्याची. अब्बू जिनिंगमध्ये कामाला होते. शाळा मराठी माध्यमाची, घरात उर्दू आणि वऱ्हाडीची खिचडी. बी.एस्सी. अकोल्यात केलं आणि एम.एस्सी. इथे अमरावतीत. आज मी संगणकावर प्रोटीनच्या रचनेचा अभ्यास करते. पण तुम्हाला माझ्या यशाची गोष्ट सांगणार नाही. मी या विषयात केलेलं पहिलं काम साफ चुकलं होतं, ते सांगणार आहे.

आधी प्रोटीन म्हणजे काय ते बघू. दादीची तस्बीह आठवा. एका दोऱ्यात ओवलेले मणी. प्रोटीनही तशीच माळ असते, फक्त तिचे मणी वीस प्रकारचे असतात. त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. तस्बीह मुठीत सोडली तर दर वेळी वेगळा गोळा होतो. प्रोटीनची माळ मात्र पेशीत जवळजवळ दर वेळी एकाच ठरावीक आकारात घडी घालून बसते. आणि त्या आकारावर तिचं काम ठरतं. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन घ्या. चार माळा, मिळून 574 मणी. त्यांची अशी घडी बसते की ऑक्सिजन धरता येतो आणि योग्य जागी सोडताही येतो.

मण्यांचा क्रम वाचणं आज सोपं आहे. अवघड होतं ते क्रमावरून आकार ओळखणं. मॅक्स पेरुट्झ यांनी केंब्रिजमध्ये 1937 साली हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडून अभ्यास सुरू केला. आकार हाती आला 1959 साली. एका प्रोटीनसाठी 22 वर्षं! 1962 मध्ये त्यांना जॉन केंड्र्यू यांच्यासोबत नोबेल मिळालं. आपल्याकडे मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 साली दाखवून दिलं की माळ हवी तशी वळत नाही, तिला ठरावीक कोनांतच वळता येतं. तो रामचंद्रन आलेख आजही जगभर वापरतात. संगणकाने काढलेला आकार तपासायलासुद्धा.

मग डीप लर्निंग आलं. 2020 च्या अखेरीस अल्फाफोल्ड या प्रणालीने आकार ओळखण्याच्या जागतिक स्पर्धेत सगळ्यांना मागे टाकलं. 2021 मध्ये तिचा कोड खुला झाला. 2022 मध्ये 20 कोटींहून जास्त प्रोटीनचे अंदाजित आकार कुणालाही फुकट बघायला मिळाले. 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल डेमिस हसाबिस, जॉन जम्पर आणि डेव्हिड बेकर यांना मिळालं.

हे यंत्र शिकलं कसं? एकच प्रोटीन माणसात, उंदरात, माशात थोड्या फरकाने असतं. अशा हजारो माळा यंत्र शेजारी शेजारी ठेवून बघतं. कुलूप बदललं की किल्लीही बदलावी लागते ना? तसं, दोन मणी वेगवेगळ्या प्राण्यांत जोडीने बदलत असतील तर घडीत ते एकमेकांजवळ असण्याची शक्यता जास्त. अशा खुणा आणि माणसांनी प्रयोगशाळेत आधी शोधलेले सुमारे 1 लाख 70 हजार आकार, यांवर ते शिकलं. ते आकार 1971 पासून प्रोटीन डेटा बँक नावाच्या खुल्या संग्रहात जमा होत आले आहेत. पन्नास वर्षं लोकांनी आपलं काम सगळ्यांसाठी ठेवून दिलं, म्हणून यंत्राला शिकायला वही मिळाली. हे विसरू नका.

आता माझी चूक.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी सिकलसेल निवडला. विदर्भात हा आजार घरोघरी माहीत आहे आणि आपल्याच जिल्ह्यातल्या मेळघाटात त्याचे रुग्ण आहेत. त्याचं कारण पुस्तकात एका ओळीत असतं: हिमोग्लोबिनच्या बीटा माळेत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. व्हर्नन इन्ग्रम यांनी 1950 च्या दशकात हे शोधलं. 146 मण्यांच्या माळेत एक मणी चुकीचा, आणि तेवढ्यावर माणूस आयुष्यभर वेदना सोसतो.

मी म्हटलं, सोपं आहे. संग्रहातून माळेचा क्रम उतरवून घेतला, सहावं अक्षर बदललं आणि कोलॅबफोल्डवर टाकलं. ही अल्फाफोल्डचीच वापरायला सोपी, फुकट आवृत्ती. लाइट दोनदा गेली, तिसऱ्यांदा उत्तर आलं. सुंदर आकार, आणि जवळजवळ सगळा गडद निळा. यंत्र आपल्याला किती खात्री आहे ते रंगाने सांगतं. गडद निळा म्हणजे शंभरपैकी नव्वदच्या वर, केशरी म्हणजे पन्नासच्या खाली. मी खूश. पोस्टर छापलं, अब्बूंना फोटो पाठवला, त्यांनी तो जिनिंगमधल्या सगळ्यांना दाखवला.

आमच्या मॅडम पोस्टरसमोर उभ्या राहिल्या. चष्मा वर केला आणि माळेवर बोट ठेवून एकेक अक्षर मोजायला लागल्या. मग म्हणाल्या, "तू प्रोलिन बदललंस गं. ग्लुटामिक पुढे आहे."

झालं असं होतं. पेशी माळ बनवताना सुरुवातीला मेथिओनिनचा एक मणी लावते आणि नंतर तो कापून टाकते. जुनी पुस्तकं कापल्यानंतर मोजतात, संगणकाच्या फाइलमध्ये तो मणी असतो. पुस्तकातलं सहावं अक्षर फाइलमध्ये सातवं. मी एक घर अलीकडचं बदललं होतं. ज्या बदलाचा सिकलसेलशी काही संबंध नाही, त्याचं मी पोस्टर छापलं होतं.

आणि यंत्राने मला एका शब्दाने टोकलं नाही. "बाई, तुला हे विचारायचं नव्हतं" असं ते म्हणत नाही. तुम्ही विचाराल त्याचं उत्तर देतं. त्याची खात्री उत्तराबद्दल असते, तुमच्या प्रश्नाबद्दल नाही.

रात्री रडले आणि सकाळी बरोबर अक्षर बदललं. आकार पुन्हा जवळजवळ तसाच आला! निरोगी आणि सिकलसेल, दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली तर फरक दिसेना. मग आजार आहे कुठे?

इथे मला खरं जीवशास्त्र कळलं. सिकलसेलचं हिमोग्लोबिन एकटं असताना नीटच घडी घालतं. अडचण शेजाऱ्यापाशी येते. ग्लुटामिकवर विद्युतभार असतो, त्याला पाणी आवडतं. व्हॅलिन तेलकट, ते पाण्यापासून लपायला जागा शोधतं. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की शेजारच्या हिमोग्लोबिनवर एक तेलकट खाच उघडी पडते. 85 व्या जागचं फिनाइलअलॅनिन आणि 88 व्या जागचं ल्युसिन, या दोघांची ती खाच. व्हॅलिन तिथे अडकतं. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असे 14 पदरी दोर तयार होतात आणि गोल, मऊ लाल पेशी विळ्यासारखी ताठ होते. बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. हाडं ठणकतात ती त्यामुळे. मी एकट्या माळेचं चित्र काढत बसले होते आणि आजार गर्दीत होता. एका अक्षराच्या बदलाने काय बिघडेल हे सांगण्यासाठी अल्फाफोल्ड बनवलेलंच नाही, हे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं. मी वाचलं नव्हतं.

औषधाच्या बाबतीतही तेच. हिमोग्लोबिनमध्ये नेमका बसणारा रेणू शोधून वॉक्सेलोटर नावाचं औषध बनलं. अमेरिकेत 2019 मध्ये त्याला मंजुरी मिळाली. सप्टेंबर 2024 मध्ये कंपनीनेच ते जगभरातून मागे घेतलं, कारण नव्या माहितीत फायद्यापेक्षा धोका जास्त दिसला. आकार जुळला म्हणजे माणूस बरा झाला असं नाही. हायड्रॉक्सियुरिया हे जुनं, साधं औषध मात्र आजही उपयोगी पडतं.

त्यानंतर मॅडमनी मला धारणीकडच्या एका तपासणी शिबिरात पाठवलं. काम साधं. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, नळीतल्या द्रावणात टाकायचा आणि नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढची तपासणी. सरकारने 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, तिचा पायाही अशाच तपासण्यांवर उभा आहे.

एका मुलीचा पक्का अहवाल आला होता: वाहक. म्हणजे एक जनुक दोषी, एक चांगलं. ती आजारी नव्हती. मी उत्साहाने मोबाइलवर हिमोग्लोबिनचं चित्र काढलं. तिच्या आईने चित्राकडे पाहिलंही नाही. विचारलं, "मॅडम, इसकी शादी तो होगी ना?"

माझ्याकडे गडद निळं उत्तर नव्हतं. शेजारच्या लॅबवाल्या ताई खाली बसल्या आणि समजावून सांगायला लागल्या. लग्न होईल, खुशाल करा. फक्त मुलाचं रक्त आधी तपासा. त्याच्या रक्तात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा दोष नसेल तर यांच्या मुलांना हा आजार होणार नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका. कार्ड लपवू नका. त्या बाईला हवी असलेली माहिती एवढीच होती, आणि ती तिला तिच्या भाषेत, तिच्याजवळ बसून सांगावी लागली.

आता आपल्या घरातलं बोलते. "सिकलसेल आपल्यात नसतो" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. थॅलेसेमियाचा एक प्रकार त्याच बीटा जनुकात बिघाड झाल्याने होतो. आपल्यात चुलत, मामे, मावस, आते भावंडांची लग्नं होतात. एकाच दादा-दादीकडून आलेला दोष दोघांकडे असण्याची शक्यता अशा जोडप्यात जास्त असते. मी कुणाचं लग्न मोडायला आले नाही. निकाहची तारीख ठरवण्याआधी दोघांची रक्ततपासणी करा, एवढंच म्हणते. हॉलचं बुकिंग सहा महिने आधी होतं, मग हेही जमेल. आणि अहवालात दोष निघाला तर तो मुलीचा ऐब म्हणून मोहल्ल्यात फिरवू नका. मुलाकडेही तितकाच असू शकतो.

शेवटचं. "हे मोठ्या शहरातल्या लोकांचं काम" हे वाक्य मी खूप ऐकलं. भारताचा परम सुपरकॉम्प्युटर 1991 मध्ये ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला ते विजय भटकर मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. आपल्या अकोला जिल्ह्यातलेच. आज तुम्हाला सुपरकॉम्प्युटरही लागत नाही. साधा लॅपटॉप, इंटरनेट आणि संयम पुरतो. पायथन शिका, पण रसायनशास्त्र सोडू नका. नुसतं बटण दाबणारे खूप झालेत.

आणि प्रश्न आपल्या मातीतला घ्या. अब्बूंच्या जिनिंगमध्ये येणारा बीटी कापूस अळीला मारतो तोसुद्धा एका प्रोटीनने. ते अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रोटीनला चिकटतं. गुलाबी बोंडअळीत तेच कॅडहेरिन बदललं आणि विष चिकटेना. 2017 च्या हंगामात वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने हे बोंड फोडून पाहिलं. त्या बदललेल्या कॅडहेरिनचा अभ्यास अकोल्यात बसूनही करता येतो. तुमच्यापैकी कुणी करेल?

केलात तर मला जरूर कळवा. पण यंत्रात टाकण्याआधी माळेवर बोट ठेवून एकदा मोजा. मी अजूनही मोजते.