बोलणाऱ्याचा शब्द, ऐकणाऱ्याचा अर्थ



छापलेला शब्द पुन्हा वाचता येतो. हवेतून आलेला शब्द कानावरून एकदाच जातो. आपल्या गावात आकाशवाणीचे केंद्र आहे, आणि दूरचित्रवाणी तर घरोघर पोचली आहे. तेव्हा प्रक्षेपणामुळे अब्रू गेली अशी फिर्याद आली, तर न्यायालय त्याचा अर्थ कसा ठरविते, हे आपणां सर्वांस ठाऊक असावे.

पहिला प्रश्न असा की, अर्थ कोणाचा? बोलणाऱ्याचा की ऐकणाऱ्याचा? १० सप्टेंबर २००८ रोजी ‘टाइम्स नाऊ’ वाहिनीने गाझियाबादच्या भविष्यनिर्वाह निधीतील घोटाळ्याची बातमी दिली. तीत नाव एका न्यायाधीशाचे होते, पण छायाचित्र सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे! ते काही सेकंदच पडद्यावर राहिले. सावंतांनी पुण्यास दावा लावला. चूक अनवधानाने झाली, असे वाहिनीने सांगितले. तरीही २०११ साली न्यायालयाने १०० कोटी रुपयांचा हुकूमनामा केला. एवढी रक्कम योग्य की अवाजवी, यावर पुष्कळ वाद झाला व प्रकरण अपिलात गेले. तो वाद बाजूस ठेवला तरी बोध उरतोच. नाव विसरले जाते, चेहरा लक्षात राहतो. आणि भरपाईच्या दाव्यात ‘आमच्या मनात तसे नव्हते’ एवढे उत्तर पुरत नाही. फौजदारी खटल्यात मात्र हेतू किंवा जाणीव पाहावी लागते. त्यासाठीचे जुन्या दंडसंहितेतील ४९९ वे कलम आता न्यायसंहितेत ३५६ वे झाले आहे.

दुसरा प्रश्न: ऐकणारा तरी कोणता? शब्दागणिक संशय घेणारा नव्हे आणि भाबडाही नव्हे. नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी एका निकालात सांगितले की, शब्दांचा परिणाम समंजस व खंबीर माणसाच्या मापाने मोजावा, दुबळ्या मनाच्या मापाने नव्हे. १९८८ साली ‘तमस’ या मालिकेवर बंदी मागितली गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती मालिका स्वतः पाहिली, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने बोस यांचेच माप लावले. तो वाद अब्रूचा नव्हता, शांततेचा होता. परंतु सामान्य समंजस माणूस हे माप दोन्हींकडे चालते.

तिसरी गोष्ट, तुकडा तोडून अर्थ लावावयाचा नाही. आधीचे, नंतरचे, चित्र, स्वर, निवेदकाचे सूचक हसूही, सारे एकत्र पाहावयाचे. आरंभी लागलेला डाग पुढील खुलाशाने धुतला जातो की नाही, हेही तेथेच ठरते.

श्रोतेहो, न्यायाधीश ज्या समंजस माणसाला विचारतो तो माणूस म्हणजे आपणच. आपण अर्धवट ऐकून पारावर निकाल देऊ लागलो, तर हे माप हातचे जाईल. मग सत्य बोलणारा भिऊन गप्प बसेल आणि निरपराध्याचे नाव मात्र धुळीस मिळेल. म्हणून पुरते ऐकावे, मगच बोलावे, एवढीच आमची विनंती.