ऐकणाऱ्यांनी जपलेले गाणे
(संस्थेच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



जुन्या कॅसेटी हा काय व्याख्यानाचा विषय आहे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. कागद जुना झाला म्हणून तो निरुपयोगी झाला असे आम्ही मानत नाही. तारीख, नाव आणि सही शाबूत असेल तर चाळीस वर्षांपूर्वीचा कागदही बोलतो. गाण्याचेही तसेच आहे, एवढे आज आपल्यासमोर मांडावयाचे आहे.

प्रथम कोणत्या कॅसेटींविषयी बोलत आहोत ते स्पष्ट करू. दुकानात विकत मिळणारी, वर गायकाचा फोटो असलेली कॅसेट येथे अभिप्रेत नाही. जयंतीच्या कार्यक्रमात मांडीवर किंवा स्टेजच्या कडेला टेपरेकॉर्डर ठेवून कोणा श्रोत्याने स्वतःच्या हौसेने भरून घेतलेली कॅसेट, तिच्याविषयी हे बोलणे आहे. आपल्या सोलापुरात बुधवार पेठेपासून विजापूर रोडपर्यंत वस्त्यावस्त्यांत एप्रिल महिन्यात गायन पार्ट्या होत. रात्री दहाला सुरू झालेला कव्वालीचा सामना पहाटेपर्यंत रंगे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरील ध्वनिक्षेपकाला बंदी आली. काही ठराविक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते इतकेच. नियम योग्यच आहे. परंतु त्यामुळे रात्रभर चालणारा सामना इतिहासजमा झाला. तो कसा असे, हे आजच्या विद्यार्थ्याला ऐकावयाचे असेल तर श्रोत्यांनी भरलेली ती कॅसेट हाच एक मार्ग उरला आहे.

बाजारातील कॅसेटीवर तेच गायक आणि तीच गाणी आहेत, मग या खरखरत्या कॅसेटीचे काय एवढे, असा प्रश्न येईल. साठ मिनिटांच्या बाजारी कॅसेटीची एक बाजू तीस मिनिटांची. तीत पाच-सहा गाणी बसवायची म्हणजे प्रत्येक गाण्याला पाच मिनिटे. प्रत्यक्ष कार्यक्रमात तेच गाणे वीस मिनिटे चाले. गायक मध्येच थांबून एका ओळीचा अर्थ सांगे, समोरच्या पार्टीला सवाल टाके, त्या वस्तीचे नाव गुंफून आयत्या वेळी एखादे कडवे रचे. कोणी अकरा रुपये बक्षीस दिले तर त्याचे नाव पुकारले जाई. मागून बायकांचे हसणे, एखाद्या पोराचे रडणे, वन्समोअरचा गलका ऐकू येई. स्टुडिओत हे सारे गळून पडते. श्रोत्यांच्या कॅसेटीत गाण्याबरोबर समाजही भरला गेलेला असतो.

याचे मोल समजण्यासाठी थोडे मागे जाऊ. आंबेडकरी जलशांचा काळ हा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकातला. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी गावोगाव फिरून चळवळ पोहोचवली. कर्डकांनी पुढे १९७८ साली ‘आंबेडकरी जलसे’ या विषयावर पुस्तक लिहिले म्हणून त्या जलशांची रचना आपल्याला वाचता तरी येते. परंतु सामान्य श्रोत्याच्या हाती तेव्हा यंत्र नव्हते. लोकशाहीर वामनदादा कर्डकांच्या काळात परिस्थिती पालटली. वामनदादांचा जन्म १९२२ सालचा, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. निधन १५ मे २००४ रोजी झाले. फिलिप्स कंपनीने १९६३ साली छोटी कॅसेट आणली आणि पुढील दोन दशकांत टेपरेकॉर्डर गिरणी कामगाराच्या खोलीपर्यंत पोहोचला. वामनदादा, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची पिढी आणि हे यंत्र यांची गाठ पडली, हे आपले भाग्य होय.

जगातही श्रोत्यांनी असेच गाणे जपले आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा या संस्थेत लायोनेल मॅपलसन नावाचे ग्रंथपाल होते. १९०१ ते १९०३ या काळात त्यांनी एडिसनचे यंत्र थिएटरात नेऊन मेणाच्या नळकांड्यांवर चालू प्रयोगातले गाणे दोन-दोन मिनिटे भरले. त्यात खरखर फार आहे. तरीही त्या काळच्या नामांकित गायकांचा रंगमंचावरचा आवाज आज ऐकू येतो तो त्या नळकांड्यांमुळे. दुसरे उदाहरण डीन बेनेडेट्टी यांचे. १९४७-४८ साली ते चार्ली पार्कर या सॅक्सोफोन वादकाच्या मागे क्लबा-क्लबांतून फिरले. सामग्री महाग, म्हणून पार्करचे वादन सुरू झाले की यंत्र चालू आणि दुसऱ्याचे सुरू झाले की बंद. हा ठेवा १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यात पार्कर आहेत, पण साथीदार जागोजागी कापलेले आहेत. आपल्याकडेही पट्टी वाचवण्यासाठी अनेकांनी भाषण, बक्षिसाची पुकार, ढोलकीचा तुकडा सुरू झाला की बटण दाबले. त्यामुळे कित्येक ढोलकीवाले आणि कोरस धरणाऱ्या भगिनी त्या पट्टीवर आल्याच नाहीत.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. या कॅसेटी शोधावयाच्या कोठे? पहिली जागा म्हणजे आपल्याच घरातील पत्र्याची पेटी. दुसरी जागा म्हणजे मंडप-स्पीकरवाले. त्यांच्यापैकी काहींनी थेट मशीनमधून रेकॉर्डिंग केलेले असते व ते अधिक स्वच्छ असते. तिसरी जागा गायक आणि वादकांच्या घरची मंडळी. चौथी जागा सोलापूरच्या बाहेर आहे. गिरण्या बंद पडल्यावर अनेक कुटुंबे पुण्या-मुंबईकडे गेली आणि सामानाबरोबर कॅसेटीही गेल्या. वर ‘भीमगीते’ एवढेच लिहिलेले आढळेल, किंवा सिनेमाचे नाव लिहिलेले असेल आणि आत जयंतीचा कार्यक्रम निघेल. म्हणून वरचे नाव वाचून कॅसेट टाकून देऊ नये.

सापडलेली कॅसेट लगेच मशीनमध्ये घालू नये. आपल्या शहरात उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो; पत्र्याखालच्या खोलीत कॅसेटीचे प्लॅस्टिक वाकते, पावसाळ्यात पट्टीवर बुरशी धरते. बुरशी दिसल्यास ती जाणकाराकडेच द्यावी. पट्टी चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद असते आणि नव्वद मिनिटांच्या कॅसेटीत तिची लांबी सुमारे १३५ मीटर भरते. पट्टीला मशीनच्या हेडवर दाबणारी लहानशी गादी गळून पडली असेल तर आवाज क्षीण येतो. अशा वेळी स्क्रू उघडून पट्टी दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवता येते. मशीनचे हेड कापसाच्या बोळ्याने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावे. कॅसेटीच्या पाठीवरच्या दोन लहान कळ्या तोडाव्यात, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही भरले जात नाही.

आवाज दबका वाटला तर गायकाला दोष देण्याआधी हेडशेजारचा लहान स्क्रू हलकेच फिरवून पाहावा. ज्या मशीनवर भरले त्याचे हेड थोडे तिरके असेल तर आपल्या मशीनवर आवाज बोथट येतो. योग्य कोन मिळताच शब्द उघडे होतात. दुसरी एक गंमत पाहा. कॅसेटीच्या शेवटाकडे गायकाचा आवाज चढत जातो, लहान मुलासारखा होतो. कारण असे की, भरताना सेल उतरत गेले, यंत्र मंद चालले. आज ते पूर्ण गतीने वाजवले की सूर वर जातो. पेटीचा सूर बदलत नाही, म्हणून सुरुवातीच्या पेटीशी ताडून संगणकावर हा दोष सुधारता येतो. ढोलकीची थाप पडताच गाणे दबते आणि मग हळूहळू वर येते, हीदेखील त्या यंत्रातील आवाज आपोआप कमी-जास्त करणाऱ्या सोयीची करामत आहे.

एकदा नीट वाजू लागली की ती पूर्ण बाजू, मध्ये कोठेही न थांबता, संगणकावर वेव्ह स्वरूपात उतरवून घ्यावी. खरखर काढलेली प्रत वेगळी करावी, पण मूळ उतारा जसाच्या तसा ठेवावा. तीन प्रती कराव्यात, त्यातील एक दुसऱ्या घरी ठेवावी, आणि मूळ कॅसेट ज्याची त्याला सन्मानपूर्वक परत करावी.

यानंतरचे काम विद्यार्थी मित्रांचे आहे. कॅसेटीवर साल नसते. ते आतून काढावे लागते. गायकाने विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याचा उल्लेख केला तर कॅसेट १९७८ नंतरची. नामविस्ताराचा आनंद व्यक्त झाला असेल तर १४ जानेवारी १९९४ नंतरची. बाबासाहेबांना मिळालेल्या भारतरत्नाचा उल्लेख असेल तर १९९० नंतरची, रमाबाई नगरच्या गोळीबाराचा उल्लेख असेल तर ११ जुलै १९९७ नंतरची. उलट बाजूने, वामनदादा किंवा प्रल्हाद शिंदे गात असतील तर ती २००४ नंतरची असू शकत नाही, कारण त्या एकाच वर्षी दोघेही आपल्यातून गेले. खालची मर्यादा आणि वरची मर्यादा मिळाली की मधला काळ मंडळाच्या अध्यक्षाच्या पुकारलेल्या नावावरून आवळता येतो.

आणि येथेच आमचा मुख्य मुद्दा येतो. ते नाव कोणाचे, हे संगणक सांगणार नाही. समोर बसलेल्या आजी सांगतील. दोन ओळी ऐकताच, ‘ही आपल्या गल्लीतली अमकी, पेटी तिच्या भावाची,’ असे सांगणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. कोरसमध्ये गाणाऱ्या बहुतेक भगिनींची नावे कोणत्याही छापील कागदावर नाहीत. ती याच माणसांच्या स्मरणात आहेत. म्हणून कॅसेट हाती आली म्हणजे ती सापडली असे आम्ही मानत नाही. ज्यांनी तो कार्यक्रम पाहिला त्यांच्यासमोर ती वाजली म्हणजेच ती सापडली. दुर्मिळ कॅसेट कुलपात ठेवून कोणाला ऐकू न देणारे संग्राहक असतात. त्यांची आवड खरी असेल. परंतु ओळखणारा माणूस निघून गेल्यावर कुलपातील आवाज निनावी होतो.

आपल्याला ही दृष्टी नवी नाही. भगवंतांचा उपदेश लिहून ठेवलेला नव्हता. ऐकणाऱ्यांनी तो जपला. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत आनंदांनी सुत्ते सांगितली, असे परंपरा सांगते. सुत्ताचा आरंभ कसा होतो ते आठवा. आपण असे ऐकले, हे सांगणारा प्रथम सांगतो. मग भगवंत त्या वेळी कोठे विहार करीत होते ते येते. ऐकले कोणी, कोठे आणि कोणत्या प्रसंगी, ही नोंद उपदेशाच्या आधी येते. आपल्या प्रत्येक कॅसेटीच्या आरंभी अशी चार ओळींची नोंद असावी, एवढीच अपेक्षा आहे.

अशी जपलेली गाणी विकावी काय, असा प्रश्न कोणीतरी विचारीलच. आमचे उत्तर नकारार्थी आहे. कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन प्रत्यक्ष गायनावर कलावंताचा हक्क मान्य झाला. स्वतःच्या खासगी उपयोगासाठी, तसेच प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेले रेकॉर्डिंग हा त्या हक्काचा भंग ठरत नाही. व्यापाराला मात्र ही सूट नाही. शब्दांवरचा हक्क कवीच्या निधनानंतर साठ वर्षे राहतो, म्हणजे वामनदादांच्या गीतांवर तो २०६४ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचा आहे. अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाने १९८४ साली रेकॉर्डिंग करणाऱ्या श्रोत्यांना सभागृहात वेगळी जागाच दिली. त्यांचा संकेत असा की, आपसात देवाणघेवाण करा, विक्री करू नका. आपणही तोच संकेत पाळावा आणि कलावंताच्या घरी एक प्रत विनामूल्य पोहोचवावी. ज्यांनी आयुष्यभर तुटपुंज्या बिदागीवर गायिले, त्यांच्या आवाजावर कोणी परस्पर पैसे मिळवणे शोभणारे नाही.

शेवटी आजच्या काळाविषयी. आता प्रत्येकाच्या खिशात यंत्र आहे. एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात यांचे गाणे श्रोत्यांच्या मोबाइलवरूनच घराघरांत गेले. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मोबाइल हरवतो, भरला की पुसला जातो, आणि पुढे पाठवताना गायकाचे नाव मागे राहते. कॅसेट निदान तीस-चाळीस वर्षे पेटीत टिकली. तेव्हा तरुणांनी यंदाच्या जयंतीत भरलेल्या गाण्यालाही गायक, साथीदार, ठिकाण आणि तारीख यांची नोंद त्याच रात्री जोडावी.

संस्थेपुढे आमची एक सूचना आहे. वर्षावासाच्या काळात दर पौर्णिमेला सायंकाळी, वंदनेनंतर, विहारात एक जुनी कॅसेट सर्वांसमक्ष वाजवावी. ज्येष्ठांनी पुढच्या रांगेत बसावे, विद्यार्थ्यांनी वही घेऊन त्यांच्या शेजारी बसावे आणि जे नाव ओळखले जाईल ते तेथेच लिहून घ्यावे. खर्च जवळजवळ नाही. एक चालू स्थितीतील टेपरेकॉर्डर आणि एक वही लागेल. टेपरेकॉर्डर आणण्याची जबाबदारी आम्ही घेतो. पेट्या उघडण्याची आपण घ्यावी.