व्यायाम, मेंदू आणि विषारी हवा



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. जे थोडेफार शिकलो ते कामगारांत आणि वाचनालयात. म्हणून पांडित्याच्या वाटेला न जाता एकच प्रश्न मांडतो. रोज ब्रह्मगिरी चढणाऱ्या माणसाचा मेंदू विषापासून वाचतो काय?

१९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुणांनी चोरून बनवलेले मादक द्रव्य टोचून घेतले आणि थोड्याच दिवसांत ती मुले कंपवाताच्या म्हाताऱ्यांसारखी ताठरली. त्या द्रव्यात एमपीटीपी नावाचा पदार्थ निघाला. मेंदूतील डोपामीन तयार करणाऱ्या पेशी तो मारतो. पुढे शास्त्रज्ञांनी तेच विष उंदरांना दिले. फिरत्या पट्ट्यावर पळवलेल्या उंदरांची हानी कित्येक प्रयोगांत कमी आढळली. व्यायामाने मेंदूत पेशींना जगवणारी प्रथिने वाढतात, हे त्याचे एक कारण सांगतात. उंदराचा न्याय माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही. तरी नियमित व्यायाम करणाऱ्या माणसांतही कंपवात कमी दिसतो.

हे ऐकून एखादा मालक म्हणेल, ‘मग आमच्या मजुरांना कसली भीती? ते दिवसभर मेहनतच करतात!’ गफलत आहे ती इथेच. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. जड काम करणारा चाळीस लिटरांहूनही अधिक. हवेत थिनरची वाफ असेल तर तीही त्याच मापाने आत जाते. फवारणीचे औषध घामाने भिजलेल्या कातडीतून अधिक शिरते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवर पंप घेऊन दिवसभर चालणारी ती माणसे काही आळशी नव्हती!

तेव्हा व्यायाम जरूर करावा, पण स्वच्छ हवेत. कामाच्या जागेवरचे विष हटवणे हे मालकाचे काम आहे. धूर, धूळ आणि वाफा बाहेर काढण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाना कायद्यानेच त्याच्यावर टाकली होती. कामगाराच्या तालमीने ती फिटत नाही.

आपल्या भागातली मुले सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जातात, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात. संध्याकाळी मुलगा डोके धरून घरी आला, तर ‘थकला असेल’ म्हणून सोडून देऊ नका. आज कोणत्या डब्यातले औषध हाताळले, खिडकी उघडी होती काय, तोंडावर काय बांधले होते, हे त्याला विचारा. आणि उत्तर ऐकून अस्वस्थ झालात, तर त्याला एकट्याला मालकासमोर उभे करू नका. चार जण मिळून जा.